पायाळूचा पाय आणि माझा बारावा मणका

हे वाचून कुणाला धीर येईल असं मला वाटत नाही. आजारातून उठलेली माणसं लिहितात तेव्हा शेवटी कृतज्ञता येते, सगळ्यांचे आभार येतात आणि 'या आजाराने मला खूप काही शिकवलं' हेही येतं. मला आजाराने काही शिकवलेलं नाही. माझा मणका मोडला, तो एका बाईने अभ्यास न करता माझ्या पाठीला हात घातला म्हणून मोडला, आणि तिच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तुमची पाठ सध्या कुणाच्या तरी भरवशावर असेल तर वाचा.

मी नीलिमा. मूळची नागपूरची, आता बरीच वर्षं ओहायोतल्या डब्लिनची. एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे बऱ्याच लोकांनी माझ्या स्वभावावर मत दिलं. नवरा सुधीर पुण्याचा, अतिशय शांत. त्याचा शांतपणा मला या आजारात सगळ्यात जास्त झोंबला. मुलगी ईशा कोलंबसला कॉलेजात आहे आणि मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते.

मला लहानपणापासून दमा. गेल्या काही वर्षांत तो इतका बोकाळला की स्टेरॉइडच्या गोळ्या वरचेवर घ्याव्या लागल्या. पाळी जाऊनही बराच काळ झाला होता. या दोन गोष्टी मी रेवतीला पहिल्याच दिवशी सांगितल्या होत्या. तिने मान डोलावली आणि म्हणाली, "नो प्रॉब्लेम ताई, पिलाटेजने ब्रीदिंग मस्त सुधारतं."

बेसमेंट

रेवती आमच्या मंडळातली सगळ्यांची लाडकी. गणपतीत मोदकांचं सारण तिच्याकडे, दिवाळीचं सूत्रसंचालन तिच्याकडे. आयटीतली नोकरी गेल्यावर तिने दोन वीकेंडचा ऑनलाइन कोर्स केला, सर्टिफिकेट फ्रेम करून बेसमेंटच्या भिंतीवर टांगलं आणि पिलाटेज शिकवायला लागली. आम्ही दहाबारा बायका शनिवारी सकाळी मॅट घेऊन तिच्या बेसमेंटमध्ये उतरायचो. बाहेरच्या स्टुडिओत कोण जाणार? ही आपल्यातली, मराठीत सांगते, क्लास झाल्यावर चहाही देते. या राज्यात दुसऱ्याची नखं रंगवायलाही परवाना लागतो, पण दुसऱ्याची पाठ वाकवायला काही लागत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

क्लासमध्ये तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "हळूहळू खाली या… एकेक मणका जमिनीवर ठेवा… मोत्यांच्या माळेसारखा." ती हे इतक्या गोड आवाजात म्हणायची की आम्हाला आपण खरंच मोत्यांचे आहोत असं वाटायचं.

त्या शनिवारी तिने चेंडू करायला लावला. गुडघे पोटाशी घ्यायचे, पाठ गोल करायची आणि पाठीवरून मागेपुढे लोळायचं. मी म्हटलं, "रेवती, मला हे झेपेल का गं?" ती म्हणाली, "ताई, ट्रस्ट युवर बॉडी."

मी मागे लोळले. पाठीत कट् असा आवाज झाला. मोठा, बाजूच्या मॅटवर ऐकू गेला असा.

आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. आपल्याकडे बोटं मोडतात, मान मोडतात, आवाज झाला की सगळे म्हणतात सुटलं, मोकळं झालं. "बघा, रिलीज झालं!" रेवती म्हणाली. मला मात्र श्वास घेता येईना. मी कशीबशी पालथी झाले आणि तशीच पडून राहिले. पाठीच्या मध्यापासून पोटापर्यंत कुणीतरी पट्टा आवळावा तसं दुखत होतं.

"उसण भरली वाटतं," कुणीतरी म्हणालं.

"अगं मग रेवती पायाळूच आहे की!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाने तिथे पाय लावायचा, की उसण उतरते, असा समज आहे. आमच्या नागपूरच्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. वडील शाळेत शिक्षक, भिंतीवर मोठ्या अक्षरात पहिला शब्द 'शिका', आणि अंगारे-धुपारे उंबऱ्याच्या बाहेर. ते असते तर त्यांनी त्या बेसमेंटमध्येच सगळ्यांची शाळा घेतली असती. पण मी पालथी पडलेले, तोंड मॅटमध्ये, आणि आवाज फुटत नव्हता. बायका हसत होत्या. रेवतीही हसत "अय्या, खरंच लावू का?" म्हणाली, आणि तिने मोजा काढून पाय ठेवला. नेमका जिथे दुखत होतं तिथे. मग तिने थोडा जोर दिला.

मी ओरडले. त्या ओरडण्याने तिने पाय काढला, पण तेव्हाही कुणी घाबरलं नाही. "आता उतरेल," असं म्हणून मला धरून बसवलं आणि आल्याचा चहा दिला.

शी वॉज बॉर्न फीट फर्स्ट

घरी येऊन मी गरम पाण्याची पिशवी घेऊन पडले. सुधीरने बाम चोळला. दुसऱ्या दिवशी सकाळी दम्याचा खोकला आला आणि पहिल्याच खोकल्यासरशी मी किंचाळले. उठून बाथरूमला जायला निघाले तर डावा पाय बधिर. टाकतेय ते पाऊल जमिनीवर पडलं की नाही हेच कळेना. सुधीर तरी म्हणत होता, "आजचा दिवस बघूया का?" ईशा त्या दिवशी घरी होती म्हणून वाचले. ती म्हणाली, "नो. वी आर गोइंग नाऊ."

इमर्जन्सीतल्या डॉक्टरने स्कॅनचा पडदा माझ्याकडे वळवला. एकावर एक रचलेले चौकोन होते आणि त्यातला एक पुढच्या बाजूने चेपला होता, थापलेल्या वडीवर अंगठा दाबावा तसा. छातीचा बारावा मणका, तो म्हणाला. पाठ आणि कंबर जिथे भेटतात तिथला. हाडं आतून पोकळ झाली आहेत, आणि ती स्टेरॉइडमुळे, हे त्याला माझ्या औषधांची नावं ऐकताच कळलं. मोडलेल्या हाडाचा एक कंगोरा मागे, मज्जारज्जूच्या दिशेने सरकला होता. तो आणखी सरकला तर पाय जाऊ शकतात, लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, आणि तातडीने ऑपरेशन करावं लागेल. नाही सरकला तर पट्टा बांधून हाड आपोआप जुळेल. सध्या हलायचं नाही, वाट बघायची.

त्याने विचारलं, हे कसं झालं? मी चेंडूबद्दल सांगितलं. त्याने डोळे मिटून मान हलवली. मग विचारलं, त्यानंतर पाठीवर काही मार वगैरे?

मी म्हटलं, "समबडी स्टेप्ट ऑन इट."

"बाय ॲक्सिडेंट?"

"नो. शी वॉज बॉर्न फीट फर्स्ट."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने ईशाला हळूच विचारलं की आईचं डोकं कुठे आपटलंय का. ईशा लाल झाली. "मॉम, प्लीज स्टॉप." पण मी का थांबू? मी त्याला सगळं समजावलं, बाळाचे पाय, उसण, टाळ्या, चहा. सांगता सांगता मला स्वतःलाच ते इतकं भयंकर वाटलं की मी हसायला लागले, आणि हसताना पाठ दुखली म्हणून रडायला लागले. मणका चेंडूने मोडला हे तो खात्रीने सांगत होता. कंगोरा मागे कशाने सरकला, लोळण्याने की पायाने, हे मात्र कुणीच सांगू शकणार नाही, असं म्हणाला. मला ते कधीच कळणार नाही, आणि या एका गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

पायाची बोटं

हॉस्पिटलमधला दिवस एका प्रश्नाभोवती फिरायचा. कुणीतरी येणार, चादर वर करणार आणि सांगणार, बोटं हलवा. उजव्या पायाची हलायची. डाव्याची हलली की नाही हे मला आतून कळत नसे, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे. त्यांचा चेहरा बदलला नाही तर हलली. एवढंच माझं आयुष्य उरलं होतं.

मला सगळ्यात जास्त भीती पायांची नव्हती. लघवीची होती. अंथरूण ओलं होईल आणि मला ते कळणारही नाही, ही भीती. मी ती सुधीरला सांगितली नाही, ईशाला तर नाहीच. दर वेळी बेडपॅन मागावा लागायचा तेव्हा मात्र मला बरं वाटायचं, कारण लागतंय म्हणजे कळतंय. असलं समाधान मी शत्रूलाही चिंतणार नाही. शत्रूचं नाव तेव्हा डोक्यात होतंच.

कूस बदलायची तर दोन नर्स लागत. खांदे आणि कंबर एकदम, मध्ये पीळ पडू न देता. त्यातली एक आडदांड बाई हात लावायच्या आधी दर वेळी विचारायची, लावू का? तिचे हात गरम असायचे, आणि फ्रीजरमधली संत्र्याची कांडी न मागता आणून द्यायची. चांगल्या गोष्टी मोजायच्याच असतील तर या दोन. तिसरी, ईशाने माझे केस धुतले. पाणी न लागणारी कसली तरी टोपी घालून, चोळून चोळून. तेव्हा ती मराठीत बोलली. "आई, दुखतंय का?" एवढंच.

खिचडी

मी हॉस्पिटलात असतानाच घरी डबे यायला लागले. कुणाचा कोणत्या वारी डबा, हे सगळं ग्रुपवर व्यवस्थित ठरवलं होतं. ठरवलं होतं रेवतीने. जिने पाठ मोडली तीच माझ्या नवऱ्याच्या जेवणाची सोय बघत होती, आणि ग्रुपवर तिला हात जोडलेल्या बाहुल्या पाठवल्या जात होत्या. 'किती करते गं तू सगळ्यांचं!'

एका संध्याकाळी सुधीर साबुदाण्याची खिचडी घेऊन आला.

"कुणी दिली?"

"रेवतीने. खूप अपसेट आहे ती. दोनदा रडली फोनवर."

"परत ने."

"नीलू, तिने मुद्दाम केलंय का?"

"मुद्दाम केलं असतं तर निदान तिला माहीत असतं ती काय करतेय."

सुधीरने डबा टेबलावर ठेवला. रेवतीचा नवरा आणि तो एकाच ऑफिसात, रोज समोरासमोर. मग तो म्हणाला, "आपले दात आणि आपलेच ओठ. कशाला वाढवायचं? इथे आपल्याला आहे कोण?"

मी म्हटलं, "मला पाठ होती." मग तो खुर्चीत बसून ती खिचडी स्वतः खाऊ लागला, कारण सकाळपासून त्याने काही खाल्लेलं नव्हतं. मला ते दिसत होतं, त्याचे डोळे खोल गेलेलेही दिसत होते. तरी मला त्याच्या प्रत्येक घासाचा राग आला. नंतर आठवडाभर मी त्याच्याशी फक्त औषधांबद्दल बोलले.

टरफल

कंगोरा सरकला नाही. डाव्या पायात हळूहळू मुंग्या आल्या, मग चटके, मग पाय माझा झाला. ऑपरेशन टळलं. छातीपासून ओटीपोटापर्यंत कडक प्लास्टिकचं टरफल चढवून मला घरी पाठवलं. ते घालून वाकता येत नाही, पोटभर जेवता येत नाही, आणि दमेकऱ्याला त्यात श्वास घेता येतो की नाही हे ते बनवणाऱ्याने कधी विचारलेलं दिसत नाही.

स्वयंपाकघरात उभी राहिले त्या दिवशी कळलं की वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा आता हाताला लागत नाही. फळी तिथेच होती, मी खाली आले होते. चेपलेला मणका परत फुगत नाही, तो तसाच जुळतो. माझे सगळे कुर्ते गुडघ्याच्या खाली थोडे जास्तच यायला लागले. सुधीरने डबा काही न बोलता खालच्या फळीवर ठेवला, आणि मी तो परत वर ठेवायला लावला. का ते विचारू नका.

भेटायला येणाऱ्यांनी काय काय ऐकवलं त्याचं वेगळं पुस्तक होईल. ग्रह, पित्त, 'तुझी नोकरी बैठी ना', 'तू आधी सांगायला हवं होतंस'. मी सांगितलं होतं. स्टेरॉइड घेते हे मी स्वच्छ मराठीत सांगितलं होतं. ऐकणारीला त्या शब्दाचा हाडाशी संबंधच माहीत नव्हता, त्याला मी काय करू? अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या झालेल्या माणसाला अंगाला किती हळद लागली हे कळत नाही, आणि त्याच्या आजूबाजूच्यांना तर तो सोन्याचाच वाटतो.

लीलाकाकू

समोरच्या घरातल्या लीलाकाकू त्यातल्या त्यात बऱ्या. नाशिकहून मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. डिंकाचे लाडू घेऊन आल्या, माझ्या टरफलावर टिचकी मारून म्हणाल्या, "अगं, हे तर चिलखत आहे."

मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. पाठ वरून गोल झालेली, मान पुढे. मणका म्हणजे काय ते एकदा पडद्यावर पाहिलं की माणसांच्या पाठी कपड्यांतूनही दिसायला लागतात.

"काकू, कधी काही मोडलं होतं का?"

"हे मनगट. गेल्या वर्षी. पडले पण नाही गं, न्हाणीघरात नुसता हात टेकला. आता सूनबाईने मला क्लासला घातलंय. रेवती आई-बाबांची बॅच सुरू करतेय ना येत्या शनिवारपासून. म्हणाली, काकू तुमची पाठ सरळ करते."

माझ्या हातातला लाडू तसाच राहिला.

म्हणजे माझा मणका मोडल्यावर रेवतीने क्लास बंद केला नव्हता. तिने नवी बॅच काढली होती, आणि ती कुणाची, तर मुलांकडे पाहुणे म्हणून आलेल्या सत्तरीच्या म्हाताऱ्यांची. या लोकांना 'नको' म्हणता येत नाही, कारण सुनेने नाव घातलंय. आणि त्यांचं हाड मोडलं तर माझ्यासारखं वेळेवर कुणी हॉस्पिटलात नेईल याचीही खात्री नाही. चहा पिऊन, बाम लावून, पायाळूचा पाय लावून घेऊन ते बिचारे बघत बसतील.

मी रेवतीला फोन केला, तिने उचलला नाही. ग्रुपवर लिहिलं, कुणी उत्तर दिलं नाही. मग एकीने मला वेगळा निरोप पाठवला, 'ताई, आता मूव्ह ऑन करा ना यार.'

शनिवार

सुधीर न्यायला तयार नव्हता. "तू तमाशा करणार."

"करणार."

ईशाने गाडी काढली. बेसमेंटचे जिने मी टरफल घालून, कठड्याला धरून, एकेक पायरी उतरले. ईशा पुढे उलटी उतरत होती, मी पडले तर धरायला.

खाली मॅट अंथरलेल्या. सातआठ म्हातारी माणसं, काही सलवारीत, काही साडीला काचा मारून, सगळी आज्ञाधारक. लीलाकाकू पहिल्या रांगेत. रेवती तिच्या गोड आवाजात सांगत होती, "एकेक मणका… मोत्यांच्या माळेसारखा…" मला पाहून ती थांबली.

"ताई! तुम्ही कशाला आलात या कंडिशनमध्ये? बसा ना."

"बसायला नाही आले. माळेत मोती किती?"

"अं?"

"नेहमी सांगतेस ना एकेक मणका ठेवा. माणसाच्या पाठीत मणके किती असतात?"

"ताई, प्लीज. पेरेंट्स आहेत समोर."

"त्यांच्याच पाठीचं विचारतेय."

ती हसायचा प्रयत्न करत होती. "असतील अठरा-वीस. नंबर इम्पॉर्टंट नाहीये ताई, फील इम्पॉर्टंट आहे."

"यांच्यापैकी कुणाचं हाड मोडलं होतं, कुणाला कसल्या गोळ्या चालू आहेत, विचारलंस?"

"हो! लीलाकाकूंनी सांगितलं ना, रिस्ट फ्रॅक्चर झालं होतं म्हणून. पण आपण तर पाठीचं करतोय."

मी म्हटलं, "मनगट आणि पाठ एकाच बाईची आहे, रेवती."

मागून एक काका म्हणाले, "अहो, जाऊ द्या ना. आपल्यातलीच मुलगी आहे, सांभाळून करून घेते."

"मीही आपल्यातलीच होते, काका." मी ईशाला पाठीमागचे पट्टे सोडायला सांगितले. ती नको म्हणाली, मी परत सांगितलं. टरफल उघडून मी पाठ त्यांच्याकडे केली. कुर्त्यावरूनही दिसतं, मध्येच एक टेंगूळ येतं आणि त्याच्या वरची पाठ पुढे झुकते. "मी इथेच लोळले होते. याच जमिनीवर. मग हिने इथे पाय दिला."

लीलाकाकू उठल्या. उठायला त्यांना वेळ लागला. त्यांनी मॅटची गुंडाळी केली, काखेत धरली आणि म्हणाल्या, "आज माझं राहू दे गं पोरी." मग त्यांच्या मागोमाग एकेक जण उठला. रेवती भिंतीपाशी उभी राहून नुसती बघत होती. ती रडत होती हे मला दिसलं. मला वाईट वाटलं नाही.

पुढचे काही महिने आमच्याकडे कुणाचं निमंत्रण आलं नाही. सुधीर म्हणाला, "तिला सगळ्यांसमोर उघडं पाडायची गरज नव्हती." मी म्हटलं, "माझी पाठ सगळ्यांसमोरच मोडली, आणि टाळ्याही पडल्या." त्यावर तो कधी नव्हे तो ओरडला. म्हणाला की मी हॉस्पिटलात होते तेव्हा तो रोज तिथल्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडायचा आणि मग वर यायचा, आणि त्याला आता कुणाशीही भांडायची ताकद उरलेली नाही. हे मला माहीत नव्हतं. आम्ही दोघं त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पोहे केले. वरच्या फळीवरचा डबा त्यानेच काढला.

मोज

टरफल निघालं त्याच्या आसपास, एका दुपारी रेवती दारात आली. हातात डबा नव्हता हे मी पहिल्यांदा पाहिलं. काखेत जाडजूड पुस्तक होतं. बारीक झाली होती.

"आत येऊ का?"

मी दार धरून उभी होते. तिने सांगितलं ते असं. आई-बाबांची बॅच तिने पुन्हा सुरू केली नाही, आमचीही बंद केली. कम्युनिटी कॉलेजात ॲनाटॉमीला नाव घातलं आहे. अर्धं सेमिस्टर झालं, पहिल्या परीक्षेत नापास झाली, दुसरीत पास. "काल लॅबमध्ये मणके हातात घेतले, ताई. मागचा भाग केवढा टणक असतो, आणि पुढचा आतून नुसता स्पंजसारखा. आणि आपण पाठ गोल केली की सगळा लोड त्या पुढच्यावर येतो. आमच्या प्रोफेसर बोलत होत्या, हाडं वीक झालेल्या पेशंटला हे कधीच करायला लावू नका, आणि मला… मला तिथे बसवेना. मला तुमची माफी मागायचीये."

ती रडायला लागली. मी म्हटलं, "रडू नकोस. मला वाकून टिश्यू देता येत नाही."

"तुम्ही काहीही बोला. मी ऐकून घेईन."

"माफी मला नको. ती घेऊन मी काय करू? माझा पोह्यांचा डबा हाताला येणार आहे का?"

मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली आणि उलटी बसले, छाती खुर्चीच्या पाठीला टेकवून. कुर्ता सैल होता. "पुस्तक ठेव खाली. हात धू. आणि मोज."

"काय?"

"एकेक. तोंडाने नाव घेऊन. ज्या पाठीवर पाय ठेवलास, तिच्यावर आधी पास हो. मग कुणाच्या आईला हात लाव."

नळाचं पाणी वाजलं. मग ती माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"ताई, हात लावू का?"

हा प्रश्न तिने मला पहिल्यांदा विचारला होता. मी हो म्हटलं. मी मान खाली घातली. तिचं बोट मानेच्या तळाशी, सगळ्यात वर आलेल्या हाडावर टेकलं. बोट गार होतं.

"हा मानेचा सातवा. खाली छातीचा पहिला. दुसरा. तिसरा…" ती हळूहळू खाली येत होती. एकदा चुकली, थांबली, वर गेली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. तिने पुन्हा मोजलं हे मला बरं वाटलं, पण मी ते तिला सांगितलं नाही. "नववा. दहावा. अकरावा."

बोट थांबलं. तिथे टेंगूळ आहे, ते बोटाला लागणारच होतं. तिने हात काढून घेतला. मागे तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"थांबू नकोस. नाव सांग."

"हा… हा तो आहे, ताई."

"तो म्हणजे कोणता? नाव सांग."

"छातीचा बारावा," ती म्हणाली. "मी पाय दिला तो."

मी तिला माफ केलं नाही. हे लिहीपर्यंतही केलेलं नाही, आणि पुढेही करेन असं वाटत नाही. दुखत होतं, तिचं बोट तिथून निघालं तरी दुखत होतं. मी खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि मान आणखी खाली घातली.

"कंबरेचे पाच राहिलेत," मी म्हटलं. "मोज."